चार हजारांची केबल गेली, तर?

प्रश्न : विहिरीवरच्या मोटारीची चार हजारांची केबल चोरीला गेली. पाच हजारांच्या आतली चोरी आता गुन्हाच नाही, असं गावात म्हणतात. खरं का?
– एक शेतकरी, वेल्हे

उत्तर : या पारावरच्या गप्पा! भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. माल पाच हजारांहून कमी, चोर पहिल्यांदाच दोषी आणि माल किंवा किंमत परत केलेली असेल, तरच शिक्षा समाजसेवेची. मात्र अशी चोरी अदखलपात्र. तपासाला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

केबल मोटारीच्या खोलीतून गेली का? मग कलम ३०५ लागू शकतं : सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, किंमत कितीही असो. म्हणून तक्रारीत जागा नेमकी लिहा, बिल जोडा, पोच घ्या.