ऑनलाइन पाठ : रचनेतच सर्वांची सोय हवी

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळून शिकणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून विद्यापीठाने स्वयं-अध्ययनाची पुस्तके सिद्ध केली. शंका विचारण्यास समोर शिक्षक नाही, हे लेखकाने आरंभीच गृहीत धरावयाचे, हे या पुस्तकांमागील सूत्र होय.

२०२० साली महासाथीमुळे वर्ग बंद झाले आणि अध्यापन मोबाईलवर आले, तेव्हा या सूत्राचा अनेकांना विसर पडला. फळ्याचे छायाचित्र काढून पाठविले की पाठ पोहोचला, असा समज रूढ झाला. तो अद्याप पुरता गेलेला नाही.

अंध विद्यार्थी मोबाईल वा संगणक वापरतो तो पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या, म्हणजेच स्क्रीन रीडरच्या, साहाय्याने. छायाचित्रातील अक्षरे हा या प्रणालीच्या लेखी मजकूरच नव्हे. मराठीत आणखी एक अडचण आहे. कार्यालयांत व छापखान्यांत वर्षानुवर्षे वापरात असलेल्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते खरी, पण संगणक आत साठवितो ती इंग्रजी अक्षरे. ‘कृतिदेव’मध्ये लिहिलेला ‘कमल’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने ‘डी-ई-वाय’ असतो आणि विद्यार्थ्याच्या कानी पडते तेही तेच. युनिकोडमध्ये केलेले टंकलेखन हाच यावर उपाय होय. जुना मजकूर रूपांतरित करता येतो; मात्र जोडाक्षरे तपासून घ्यावी लागतात.

डोंगराळ सुरगाणा वा पेठ तालुक्यातील विद्यार्थ्याची अडचण निराळी. नेटवर्क क्षीण आणि घरात फोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतावर. तासाभराच्या चित्रफितीला शेकडो मेगाबाइट लागतात. तेच व्याख्यान केवळ ध्वनिरूपात साध्या दर्जाने दिल्यास सुमारे १५ मेगाबाइट पुरतात आणि लिखित स्वरूपात १ मेगाबाइटही भरत नाही. हे लिखित रूप कर्णबधिर विद्यार्थ्यालाही उपयोगी पडते. एकासाठी केलेली सोय दुसऱ्याच्या कामी येते ती अशी. म्हणूनच ती पाठ लिहितानाच करावी. मागाहून ठिगळ लावणे खर्चाचे ठरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद असून, दृक्‌श्राव्य, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात उपलब्ध असावा, याकडे शासनाने लक्ष देणे कायद्याला अभिप्रेत आहे. परीक्षेत पात्र दिव्यांग उमेदवारास ताशी किमान २० मिनिटे वाढीव वेळ देण्याची केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ऑनलाइन चाचणीतील घड्याळ सर्वांसाठी एकाच क्षणी थांबत असेल, तर ही सवलत कागदावरच राहते.

ग्रामपंचायतींनाही येथे वाव आहे. स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून वाचनालयात श्रवणयंत्रणेसह एखादा संगणक बसविता येईल. ‘एनव्हीडीए’ ही वाचनप्रणाली विनामूल्य मिळते.

शिक्षकांना एक चाचणी सहज करता येण्याजोगी आहे. अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा ‘टॉकबॅक’ असतेच. ते सुरू करून, डोळे मिटून, स्वतः पाठविलेला पाठ आरंभापासून ऐकावा आणि कोठे अडखळले ते टिपून ठेवावे.