फौजी आहे, चालवून घेईल!

इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनला आलो तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. चाकण पट्ट्यात आमच्यासारखे पुष्कळ. सातारा-सांगलीकडचे, माजी सैनिकांच्या मेस्को महामंडळामार्फत नाहीतर एखाद्या एजन्सीतून कारखान्यांच्या गेटवर लागलेले, भोसरीत चौघांत एक खोली करून राहणारे.

पलटण सुटली की काहींची झोपही सुटते. त्यासाठी लढाईच पाहिलेली असावी लागते असं नाही. तीस जवानांचा प्लाटून सांभाळलेल्या माणसाला ट्रेलरचा ड्रायव्हर ‘ए वॉचमन’ म्हणून हाक मारतो, आणि ते गिळून बारा तास उभं राहायचं. वर आठवड्याला शिफ्ट बदलती.

मी तेव्हा गनमन होतो. बारा बोअर माझी, लायसन्स माझं. रात्ररात्र डोळा लागत नाही, हातात बंदूक नको वाटते, असं साहेबांना सांगितलं. ‘फौजी ना तुम्ही? तुम्हाला काय होतंय!’ म्हणाले. दुसऱ्याच दिवशी गनमनच्या ड्युटी चार्टवरून नाव गायब, भत्ताही गेला. ते बघून शिफ्टमधल्या बाकीच्या फौजींनी तोंडाला कुलूप लावलं. एकाचा कँटीनचा महिन्याचा दारूचा कोटा पंधरवड्यातच संपायला लागला.

बंदुकीच्या ड्युटीवरून काढलं ते बरोबरच होतं. पण पगार कापला की पुढचा माणूस बोलत नाही, आणि तो बंदूक घेऊनच उभा असतो.

आता दुसऱ्या कारखान्यात चार्ट मी लावतो. कुणी असं बोलला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा, माणूस सीसीटीव्ही रूममध्ये, फर्स्ट शिफ्ट कायम, पगार तोच. जोडीला शक्यतो दुसरा फौजी. एचआरवाल्यांनी उपचाराच्या फायली मागू नयेत; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. ड्युटीला फिट असल्याचा डॉक्टरांचा दाखला पुरतो. आणि जेवणाच्या सुट्टीत ‘किती मारले?’ हे तर कुणीच विचारू नये.

आपल्या लोकांना एवढंच सांगेन, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड नुसतं बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी नाही. पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतं. रात्री-अपरात्री टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना बायकोला सोबत न्या. झोपेत आपण काय ओरडतो ते तिलाच ठाऊक असतं.