आधी महिना बघ, मग मासा, मग हॉटेल

बाळ, तुझी नॉर्वेतल्या बर्गनला बदली झाल्याचं कळलं आणि तुझा पहिला प्रश्न ऐकून मन भरून आलं. घर कुठे बघायचं, थंडीचे कपडे कुठले घ्यायचे, हे सगळं मागाहून, आधी "मामा, तिथे मासे खायला कुठे जायचं?" हर्णैच्या घरातली मुलगी आणखी काय विचारणार! जहाजावरचा इंजिनियर म्हणून त्या बंदरात उतरलो आणि बावीस वर्षं तिथे राहिलो. त्या मुक्कामात जे कळलं ते तुझ्या कानात घालतो. चार नावंही सांगेन, पण नावांपेक्षा रीत लक्षात ठेव. आचारी बदलतात, मालक बदलतात, समुद्राचं वेळापत्रक तेवढं बदलत नाही.

महिना बघून बाहेर पड. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी ताज्या पापलेटाचा हट्ट कोणी धरत नाही. तिथेही तसंच आहे. जानेवारी ते एप्रिल हे स्क्रायचे दिवस. स्क्राय म्हणजे तोर्स्क, आपण ज्याला कॉड म्हणतो तो. पण बॅरेंट्स समुद्रातून शेकडो मैल पोहत लोफोटेन बेटांकडे अंडी घालायला येणारा. एवढं पोहून त्याचं मांस घट्ट आणि पांढरंशुभ्र होतं. त्या दिवसांत पाटीवर "स्क्रायम्योल्ये" दिसलं की दुसरं काही मागवू नकोस. उकडलेला मासा, त्याचं काळीज आणि गाभोळी, सोबत बटाटे. हो, गाभोळी! माझी आई मार्चमध्ये आली होती. तिखट नाही, हळद नाही म्हणून सुरुवातीला ताटाकडे बघत बसली. मग गाभोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोडा आहे रे मासा." त्या चवीला याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही.

उन्हाळ्यात मॅकरेल येतो. तो आपल्या बांगड्याच्याच कुळातला. तव्यावर परतलेला, सोबत आंबट साय आणि काकडी. ऑगस्ट सरत आला की चिंबोऱ्या भरतात. निळा-काळा लॉबस्टर धरायला 1 ऑक्टोबरपासून परवानगी असते आणि बर्गनकडे तो हंगाम 30 नोव्हेंबरला संपतो. ताजा तिथलाच लॉबस्टर हवा असेल तर त्या दोन महिन्यांत खा. सामन मात्र बाराही महिने मिळतो, कारण तो फियोर्डातल्या जाळ्यांत पाळलेला असतो. चांगला असतो, पण तो तुला मुंबईतही मिळेल. बर्गनला जाऊन पहिल्याच दिवशी सामन मागवू नकोस.

विचारल्याशिवाय मागवू नकोस. बसल्यावर मेनू उघडण्याआधी एवढंच विचार: "का ए फेर्स्क्त इ दाग?" आज ताजं काय आहे? हे खास बर्गनच्या बोलीतलं आहे. ऐकून वाढणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि तो आतल्या फळ्यावरचं सांगतो. छापील मेनू सगळ्यांसाठी असतो, फळा त्या दिवसाचा असतो.

दर आधी, होकार नंतर. हा धडा मी पैसे मोजून शिकलो. पहिल्याच उन्हाळ्यात धक्क्यालगतच्या एका ठिकाणी बोटाने किंग क्रॅबचे पाय दाखवले आणि "द्या" म्हणालो. पाटीवरचा आकडा किलोचा आहे असं मी धरून चाललो होतो. तो 100 ग्रॅमचा होता. बिल बघून घशाखालचा घास कडू झाला. हर्णैच्या वाळूवर संध्याकाळच्या लिलावात लहानपणी उभा राहिलेला मी, आणि भाव न विचारता माल उचलला! तू वजन करून घे, आकडा ऐक, क्रोनरला आठ-नऊ रुपयांनी गुण, मगच मान हलव. तिथे कोणी याचं वाईट वाटून घेत नाही.

फिस्केतोर्गे, म्हणजे बंदराच्या तोंडाशी असलेला मासळीबाजार, बघायला जरूर जा. उघड्यावरचे तंबू उन्हाळ्यात लागतात, ते मुख्यतः पाहुण्यांसाठी. शेजारची काचेची मातहालन ही बंदिस्त मासळी-पेठ वर्षभर चालते. तिथे काचेच्या टाक्यांत जिवंत खेकडे दिसतात आणि निवडलेला माल तिथेच शिजवून मिळतो. माशाला हात लावू नकोस, ती तिथली रीत नव्हे, दाखवायला सांग. आईला भाषा येत नव्हती. तिने दोन बोटांनी कल्ला उघडल्याची खूण केली. विकणाऱ्याने क्षणभर पाहिलं, मग समोरचा मासा बाजूला ठेवून मागच्या बर्फातला काढला आणि कल्ला उचलून लालभडक रंग दाखवला.

जिथे बर्गनचे लोक दुपारी उभ्याने खातात, तिथे जा. सोस्त्रेने हागेलीन हे दुकान 1929 साली हागेलीन बहिणींनी सुरू केलं. बाजारापासून चालत जाता येतं. तिथली फिशकेक आणि फिस्केसुप्पे खा. बर्गनचं हे सूप दिसायला दुधी, साय घातलेलं. त्यात गाजर-कंदमुळांचे बारीक तुकडे आणि माशाचे छोटे गोळे. पहिल्या चमच्याला गोड लागतं, गिळताना मागून आंबटपणा येतो. तो आंबटगोड तोल जमला की सूप खरं बर्गनचं, नुसती साय लागली की ते पाहुण्यांसाठी केलेलं. कुठल्याही नव्या हॉटेलची परीक्षा घ्यायची तर आधी सूप मागव.

घरगुती जेवणासाठी पिंग्विनन. तिथे प्लुकफिस्क मिळाला तर घे: शिजवलेला मासा आणि बटाटा एकत्र मोडून केलेला, पावसाळी संध्याकाळी पोटाला ऊब देणारा. पेर्सेतोर्स्क हा तर खास या शहराचा पदार्थ. कॉडला मीठ-साखर लावून वजनाखाली दाबून ठेवतात, पाणी निथळतं, मग हलकेच शिजवतात. मांसाच्या पाकळ्या सुट्या होतात. या दोन्हींबरोबर डुकराच्या बेकनचे तुकडे येतात. जावईबापूंना चालत नसेल तर आधीच "उतेन बेकन" म्हणून सांग.

एकदा तरी ब्रिग्गनच्या, म्हणजे जुन्या धक्क्यावरच्या, लाकडी वाड्यांत जेव. एनह्योर्निंगन तिथे माडीवर आहे. जमीन तिरकी, छत बुटकं. महाग आहे, वाढदिवसासाठी राखून ठेव. 1910 पासूनचं ब्रिग्गेलॉफ्ते जवळच आहे, तिथे सहकुटुंब जाता येतं. पण जेवण्याआधी मागच्या गल्ल्यांतून एक फेरी मार. हे शहर सुक्या मासळीवर उभं राहिलं. उत्तरेकडे लाकडी मांडवांवर मिठाशिवाय, नुसत्या गार वाऱ्यात वाळवलेला कॉड, तोर्रफिस्क, होड्या भरून इथे यायचा आणि त्याच्या बदल्यात धान्य उत्तरेला जायचं. साधारण 1360 पासून जर्मन हान्सा व्यापाऱ्यांची पेढी इथे होती. लाकडी घरं पेटतील म्हणून त्यांना तिथे चूल लावायला मनाई होती. शिजवायला आणि शेकायला मागे वेगळी घरं होती, श्योत्स्तुएने. ती आजही बघता येतात. 1702 च्या आगीत वस्ती जळाली, पुन्हा तशीच बांधली, आणि 1979 साली युनेस्कोच्या यादीत आली. बोंबलाच्या वलांडीखालून शाळेत गेलेल्या मला त्या गल्लीत कधी परकं वाटलं नाही.

उन्हाळ्यात एक संध्याकाळ हॉटेलशिवाय काढ. बोटीवरच उकडलेली ताजी कोळंबी, रेकर, कागदी पिशवीत घ्यायची, पांढरा पाव, लोणी, मेयोनीज, लिंबू घ्यायचं आणि पाण्याकाठी बसायचं. डोकं एका हातात, शेपटीकडचा भाग दुसऱ्या हातात धरून पीळ द्यायचा. पोटाकडून अंगठा फिरवला की कवच निघून येतं. प्रत्येकाने आपली आपण सोलायची आणि ढीग पावावर रचायचा. त्या सोलण्यात तासभर गप्पा होतात. मला तिथले मित्र मिळाले ते असेच, हाताला कोळंबीचा वास असताना.

आता चार बारीक गोष्टी. तिथे जेवण लवकर होतं. रात्री नऊनंतर स्वयंपाकघर बंद मिळू शकतं, आणि रविवारी बरंच काही बंद असतं, म्हणून जागा आधी सांगून ठेव. बसून खाल्लं तर 25 टक्के कर, बांधून नेलं तर 15, त्यामुळे पाऊस नसेल तेव्हा बांधून घे. पण वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो, तेव्हा छत्रीवर विसंबू नकोस, चांगला रेनकोट घे. नळाचं पाणी उत्तम आणि फुकट, बाटलीला पैसे देऊ नकोस. टीप सक्तीची नाही. समाधान झालं तर दहा टक्के पुष्कळ.

आणि तीन गोष्टी जपून. चिंबोरीच्या पाठीतला तपकिरी गर तुझ्या छोट्याला देऊ नकोस. त्यात कॅडमियम जास्त असतं, म्हणून तिथलं अन्नखातं मुलांना आणि गरोदर बायकांना तो टाळायला सांगतं. नांग्यांतलं पांढरं मांस त्याला खुशाल दे. किनाऱ्यावरचे शिंपले स्वतः काढून खाऊ नकोस; त्यांत विष असू शकतं. व्हेलचं मांस विकायला दिसेल. इकडे येताना बॅगेत टाकू नकोस, ते कायद्यात बसत नाही.

मसाल्याची डबी सोबत ने, घरी कालवण कर. हॉटेलात मात्र सहा महिने तरी तिखटाशिवाय खाऊन बघ. जीभ सवय लावून घेते आणि मग माशामाशातला फरक कळू लागतो.

पोचलीस, सामान लावलंस, पहिल्यांदा बाहेर जेवलीस की मला फोन कर. हॉटेलचं नाव नको सांगूस. महिना मला माहीत असेल. मासा कुठला होता तेवढं सांग, मी बरोबर ओळखेन तू नीट जेवलीस की नाही ते.