वाढत्या चिकित्सालयासाठी जागेची निवड

रुग्णसंख्या वाढली व पंचकर्म सुरू करावयाचे ठरले, की जुना गाळा अपुरा पडतो. अशा वेळी दर्शनी जागा आणि भाडे एवढाच विचार बहुधा होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १५ व्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात शोधनार्थ गृहाची लक्षणे दिली आहेत. गृह दृढ व निवात असावे, परंतु एका भागी वारा खेळता असावा. धूर, ऊन, धूळ व अप्रिय शब्द यांचा उपद्रव नसावा. पाणी, स्नानगृह, शौचालय व पाकगृह यांची सोय असावी.

वाघोलीत जागा शोधताना हे निकष उपयोगी पडतात. पुणे-नगर महामार्गालगतचा गाळा नजरेत भरतो, परंतु तेथील गोंगाट व धूळ वमन-विरेचन झालेल्या रुग्णास सोसत नाही. त्यासाठी आतील रस्त्यावरची, तळमजल्यावरची जागा श्रेयस्कर. संधिवाताच्या रुग्णास जिना चढणे कष्टाचे असते. स्वेदनाची वाफ बाहेर जाण्यास वाट आहे काय, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो काय, याची शेजाऱ्यांकडे चौकशी करावी.

वाघोली गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेव्हा इमारतीचा मंजूर नकाशा व वापराची परवानगी पाहूनच बोलणी करावीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे.

सही करण्यापूर्वी सकाळी व सायंकाळी त्या जागेत अर्धा-अर्धा तास स्वस्थ बसून पाहावे. रुग्णास तेथे विश्रांती मिळेल अशी खात्री पटल्यावरच भाड्याचा हिशेब मांडावा.