फेरो बेटांतील अन्नपाणी

विद्यार्थिमित्रहो, युरोपचा नकाशा उघडून स्कॉटलंड, नॉर्वे व आइसलंड या तीन देशांच्या मधोमध पाहिलें असतां अटलांटिक महासागरांत शाईचे थेंब सांडल्यासारखे कांहीं ठिपके दिसतात. तींच फेरो बेटें होत. अठरा बेटांचा हा समूह डेन्मार्कच्या राज्यांत मोडतो. मात्र १९४८ सालापासून तेथील लोक आपला घरचा कारभार आपणच पाहतात. सर्व बेटांचें क्षेत्रफळ सुमारें १,४०० चौरस किलोमीटर व वस्ती सुमारें ५४,००० आहे. अशा एकाकी ठिकाणीं माणसें काय खातात व काय पितात, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी त्यांत शिकण्याजोगें पुष्कळ आहे.

प्रथम तेथील निसर्गाकडे पाहूं. उष्ण सागरप्रवाहामुळें हिंवाळा फारसा कडक नसतो. परंतु उन्हाळाही नांवापुरताच. ऐन जुलै महिन्यांत सरासरी उष्णतामान ११ अंशांच्या आसपास असतें. वारा अखंड वाहतो, त्यामुळें रानें अशीं नाहींतच. धान्यांपैकीं पूर्वीं केवळ जव पिकत असे, आणि तोही शेतांत पुरता वाळत नसल्यामुळें भट्टीच्या उष्णतेवर वाळवावा लागे. बटाटा एकोणिसाव्या शतकांत रुजला. गवत मात्र विपुल. म्हणून मेंढी हेंच तेथील धन. बेटांच्या नांवाचा अर्थच ‘मेंढ्यांचीं बेटें’ असा सांगतात, आणि तेथील सर्वांत जुना महत्त्वाचा लेख म्हणजे १२९८ सालचें ‘मेंढीपत्र’, अर्थात् मेंढ्या पाळण्याविषयींचे कायदे होत.

शरदऋतूंत मेंढ्या मारितात. तें मांस वर्षभर टिकवावें कसें? आपल्या कोंकणकिनाऱ्यावर मासळी खारवून कडक उन्हांत वाळवितात. फेरो बेटांत तसें ऊन नाहीं. आणि समुद्राचें पाणी आटवावयास ऊन नाहीं व सरपणही नाहीं, म्हणून मीठ बाहेरून आणावें लागे व तें महाग पडे. उरला वारा. तेव्हां त्या लोकांनीं वाऱ्यालाच कामास लाविलें. फळ्याफळ्यांत फटी ठेवून लांकडी खोप बांधावयाची, तींत मांस टांगून ठेवावयाचें, आणि समुद्रावरून येणारा थंड, खारट वारा त्यांतून खेळूं द्यावयाचा, एवढीच ती युक्ति. कांहीं आठवड्यांनीं मांस आंबूं लागतें. तें शिजवून त्याचा रस्सा करितात. पुढें कित्येक महिने तसेंच राहिलें म्हणजे तें कडक वाळतें. त्यास ‘स्केर्पिक्योत’ म्हणतात, व त्याचे पातळ काप न शिजवितां भाकरीबरोबर खातात. त्याचा वास परक्यास उग्र वाटतो. फेरोवासीयांस मात्र तो घरची आठवण करून देतो. मासेही याच रीतीनें आंबवितात व वाळवितात.

पेयांची कथा निराळी आहे. मद्यपानामुळें होणारी हानि पाहून १९०७ सालीं तेथें लोकमत घेण्यांत आलें. त्यांत स्त्रियांनींही मत दिलें, आणि मद्याच्या विक्रीवर बंदी आली. ती १९९२ सालापर्यंत टिकली. हल्लीं मद्य विकण्याचा अधिकार मुख्यतः सरकारी दुकानांस आहे.

आतां समुद्राकडे वळूं. ‘पायलट’ जातीच्या देवमाशांचा कळप दिसतांच गांवचे लोक नौका घेऊन निघतात, कळपास उथळ खाडींत हांकून आणितात व तेथें त्यांस मारितात. या शिकारीच्या नोंदी १५८४ सालापासून सांपडतात. मांस विकावयाचें नाहीं, तर सरकारी अधिकाऱ्यानें ठरवून दिलेल्या वांट्यांप्रमाणें लोकांत वांटावयाचें, अशी जुनी रीत आहे. दुष्काळाच्या दिवसांत याच अन्नानें कित्येक घरें तगलीं.

परंतु याच अन्नांत पुढें विष आढळलें. दूरदेशीं कोळसा जळतो, कारखाने चालतात. त्यांतून निघालेला पारा हवेंतून समुद्रांत उतरतो. तो सूक्ष्म जीवांत, त्यांतून माशांत व माकुळांत, आणि शेवटीं तीं खाणाऱ्या देवमाशांत सांचत जातो. पाल वाइहे नांवाच्या फेरो डॉक्टरांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९८६ व १९८७ सालीं जन्मलेल्या १,००० हून अधिक बालकांच्या नाळेच्या रक्तांतील पारा मोजला, आणि तीं मुलें सात वर्षांचीं झाल्यावर त्यांची स्मरणशक्ति, अवधान व भाषा तपासली. आईच्या आहारांतून ज्यांस पारा अधिक मिळाला होता, तीं या गोष्टींत किंचित् मागें असल्याचें दिसून आलें. अखेर २००८ सालीं वाइहे व तेथील मुख्य आरोग्याधिकारी योएन्सन यांनीं जाहीर केलें कीं, हें मांस यापुढें मनुष्यानें खाण्यास योग्य राहिलें नाहीं. आपल्याच लोकांस आपल्याच पूर्वजांचें अन्न सोडा असें सांगणें किती कठीण गेलें असेल! शिकार अद्यापि थांबलेली नाहीं. परंतु गर्भवती स्त्रियांच्या रक्तांतील पाऱ्याचें प्रमाण पूर्वीपेक्षां पुष्कळ उतरलें आहे.

हल्लीं तेथील दुकानांत सर्व जगाचे पदार्थ मिळतात, आणि खाड्यांत पाळलेला सामन मासा देशोदेशीं जातो. गरिबीची खूण म्हणून ज्याकडे पाहिलें जात असे तें आंबवलेलें मांस आतां नामांकित भोजनगृहांत मानानें वाढितात. तेथील ‘कॉक्स’ या भोजनगृहास २०१७ सालीं मिशेलिनचा तारा मिळाला.

मित्रहो, ज्या लोकांनीं वाऱ्यासारख्या शत्रूस मित्र केलें, त्यांस दुसऱ्यांच्या धुरापुढें मात्र हात टेंकावे लागले. आपण हवेंत व पाण्यांत जें सोडितों तें नाहींसें होत नाहीं. तें कोणाच्या तरी ताटांत जाऊन पडतें. हें ध्यानांत ठेवून वागणें, हाच या दूरच्या बेटांपासून घेण्यासारखा धडा होय.