ठाऊक असूनही जन्म द्यावा?

प्रश्न : ‘अरायव्हल’ चित्रपटातल्या लुईसला मुलगी अकाली जाणार हे आधीच कळतं, तरी ती तिला जन्म देते. हे धैर्य की स्वार्थ? आणि सगळं ठरलेलंच असेल, तर निवड कसली?

उत्तर : तुमचे हे दोन प्रश्न वेगळे करायचे तर मूळ कथेकडे जावं लागेल. डेनी व्हिलनव्ह यांचा चित्रपट २०१६चा. तो टेड चियांग यांच्या १९९८ सालच्या ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’वर बेतलेला आहे. कथेतली मुलगी पंचविसाव्या वर्षी गिर्यारोहणातल्या अपघातात जाते. चित्रपटात किशोरवयात, असाध्य आजाराने. बदल किरकोळ दिसतो, पण सगळं नीतिशास्त्र त्यातच आहे.

अपघात टाळता येतो. ‘त्या दिवशी डोंगरावर जाऊ नकोस’ एवढं म्हटलं की झालं. कथेतली आई ते म्हणत नाही, म्हणून चियांगना भविष्य अटळ मानावंच लागतं. त्यासाठी ते प्रकाशाचा दाखला देतात. फर्माच्या तत्त्वानुसार हवेतून पाण्यात शिरणारा किरण कमीत कमी वेळाची वाट धरतो. जणू पोचायचं कुठे हे त्याला निघतानाच ठाऊक असावं.

चित्रपटातला आजार मात्र टळणारा नाही. टाळता येतो तो जन्मच. त्यामुळे इथे नियती मागे पडते आणि जबाबदारी पुढे येते. मला ही मांडणी कथेपेक्षा सरस वाटते (चियांगभक्त रागावतील, रागावोत). स्वार्थाचा आरोप मला पटत नाही. ती मुलगी खेळते, चित्रं काढते, आईवर चिडते. आयुष्य तोकडं होतं म्हणून ते जगण्याजोगं नव्हतं, असं आपण परस्पर कसं ठरवायचं?

माझा आक्षेप दुसराच आहे. चित्रपटात लुईसचा जोडीदार इयन मूल होऊ देण्याबद्दल विचारतो, तेव्हा लुईस होकार देते आणि पुढचं लपवते. नंतर ती खरं सांगते, तेव्हा तो घर सोडतो. अनेकांना तो पळपुटा वाटतो, मला नाही. त्याच्या वाटचा निर्णय तिनेच घेऊन टाकला होता. आपल्या लोककथांतल्या, भविष्य जाणणाऱ्या सहदेवावर निदान विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं बंधन होतं. लुईसवर तेही नव्हतं. शिवाय भविष्यातलंच ज्ञान वापरून ती चिनी सेनापतीला फोन करते आणि परग्रहवासीयांशी होऊ घातलेलं युद्ध टाळते. म्हणजे ‘माझे हात बांधलेले होते’ ही सबब तिला फारशी शोभत नाही.

चित्रपट पाहिलाच आहे, तर आता कथा वाचा आणि आईच्या गप्प राहण्याचा अर्थ दोन्हीकडे कसा वेगळा होतो ते पाहा.