ऐकीव वार्ता आणि परका माणूस
(इयत्ता पाचवी ते सातवीकरिता दोन तासिकांचा पाठ)

उद्देश

१. ऐकीव वार्ता व पाहिलेली गोष्ट यांतील भेद विद्यार्थ्यांस ओळखता यावा.
२. एका माणसाच्या कृत्यावरून साऱ्या समाजास दोष देणे अन्यायाचे आहे, हे त्यांना पटावे.
३. भय वाटल्यास कोणाकडे जावे, हे त्यांना ठाऊक असावे.

विषयविवेचन

पिंपळीच्या परिसरास परका माणूस नवा नाही. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे निघते, ती पिंपळी व काटेवाडी या मार्गाने. काटेवाडीस परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. त्या दिवशी वारकऱ्याला पाणी देताना त्याची जात वा गाव कोणी विचारीत नाही. हीच पालखी देहूहून निघाल्यावर अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते व तेथे आरती होते. पुढे गळिताचा हंगाम आला की बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतील ऊसतोडणीची कुटुंबे माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. त्यांची मुले काही महिने येथील शाळांतून बसतात.

अशी परंपरा असलेल्या महाराष्ट्रातच पुढील घटना घडली, हे शिक्षकांनी विसरता कामा नये. दिनांक १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षुकीवर उदरनिर्वाह करणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे काही लोक तेथे आले होते. त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे भागातले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या सुमारास व्हॉट्सॲपवरून घरोघर पोहोचले होते. या लोकांवर तोच संशय घेण्यात आला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले आणि पाच जणांचा अंत झाला. त्यांनी एकही मूल पळविले नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळे येथील न्यायालयाने सात आरोपींस जन्मठेपेची शिक्षा सुनावली. गेलेले पाच जीव मात्र परत आले नाहीत, आणि शिक्षा झालेल्यांच्या घरांचीही वाताहत झाली.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, अल्पसंख्य कोणास म्हणावे ही. केंद्र शासनाने मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी व जैन या सहा धर्मसमाजांस अल्पसंख्य म्हणून अधिसूचित केले आहे. व्यवहारात मात्र ज्या ठिकाणी, ज्या दिवशी जो मूठभर असतो, तो तेथे अल्पसंख्यच होय. राईनपाड्याच्या बाजारात डवरी गोसावी मूठभर होते. पुण्याजवळ हडपसर येथे २ जून २०१४ रोजी एक तरुण मुस्लिम अभियंता तसाच एकाकी सापडला. थोर पुरुषांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर आल्यामुळे जमाव खवळला होता. त्या चित्रांशी या तरुणाचा काहीही संबंध नव्हता. जमावाने त्याचा वेष पाहिला आणि त्याचा जीव घेतला. उद्या पिंपळीचाच मनुष्य पोटासाठी परप्रांती गेला, तर तेथे तोही अल्पसंख्यच ठरेल.

दुसरी गोष्ट, पूर्वग्रह कसा वाढतो ही. समाजमाध्यमे पूर्वग्रह निर्माण करतात असे म्हणणे पुरेसे नाही. भटक्या माणसाविषयीचा संशय फार जुना आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का मनातून पुसला गेला नाही. वाळलेले गवत आधीच असते. समाजमाध्यम त्यात ठिणगी टाकते व वाऱ्याचेही काम करते. पूर्वी अफवा एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाई आणि वाटेत कोणी तरी तिला उलट प्रश्न विचारी. आता ती क्षणात शेकडो घरी पोहोचते, आणि पाठविणारा आपलाच मामा किंवा शेजारी असल्यामुळे कोणी प्रश्न विचारीत नाही.

त्या काळी फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात पाकिस्तानातील कराची येथे पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. तिच्या शेवटी मूल परत केले जाते व मुलांस जपण्याचा संदेश येतो. तो शेवट कोणी तरी कापून टाकला, आणि उरलेला तुकडा भारतात खऱ्या अपहरणाचा पुरावा म्हणून फिरला. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मर्यादा घातली. या उपायाने वेग मंदावतो. विश्वास ठेवण्याची सवय मात्र शाळेतच बदलावी लागेल.

पाठाची मांडणी

पहिली तासिका. शिक्षकांनी फळ्यावर पुढील चार वाक्ये लिहावीत :

एका अनोळखी बाईने रस्त्यात एका लहान मुलाचा हात धरला.
मूल मोठ्याने रडू लागले.
बाईने त्याला ओढत रस्त्यापलीकडे नेले.
मागून उसाचा ट्रॅक्टर वेगाने येत होता, म्हणून तिने त्याला वाचविले.

वर्गातील अर्ध्या मुलांस क्षणभर बाहेर पाठवावे. आतल्या मुलांकडून चारही वाक्ये वाचून घ्यावीत. नंतर चौथे वाक्य पुसून बाहेरच्या मुलांस आत बोलवावे व ‘ही बाई कोण असेल?’ असे विचारावे. बहुधा उत्तर ‘चोर’ असेच येईल. मग चौथे वाक्य पुन्हा लिहावे. काही वेळ कोणतेही विवेचन करू नये. मुलांस आपापसात बोलू द्यावे.

दुसरी तासिका. कोणताही संदेश आला असता विचारावयाचे चार प्रश्न मुलांकडूनच काढून घ्यावेत :

१. हे प्रत्यक्ष कोणी पाहिले?
२. हे कोठे व केव्हा घडले?
३. याच्या आधी व नंतर काय घडले?
४. हे एका माणसाविषयी आहे की साऱ्या समाजाविषयी?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘अमुक लोक असेच असतात’ असे सांगणारा संदेश पहिल्या तीन प्रश्नांस उतरला, तरी चौथ्या प्रश्नास उतरत नाही.

मुलांविषयी पालकांस वाटणारी काळजी खरी असते. तिची थट्टा करू नये. संशय आल्यास शिक्षकांस वा पोलीसपाटलांस सांगावे, ११२ या क्रमांकावर पोलिसांस आणि मुलासंबंधी मदत हवी असल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे, हे मुलांकडून पाठ करून घ्यावे. कोणावर हात टाकण्याचा अधिकार जमावास नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या हत्येस मृत्युदंड किंवा जन्मठेपेची स्वतंत्र तरतूद आहे. राईनपाड्याच्या घटनेस त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली होती.

शिक्षकांस सूचना

१. वर्गात अल्पसंख्य समाजाचे, भटक्या जमातीचे किंवा ऊसतोडणी कामगाराचे मूल असल्यास, त्याला उभे करून ‘तुमच्या लोकांत कसे असते?’ असे विचारू नये. त्या समाजाची जबाबदारी त्या लहान जिवावर टाकणे हाही पूर्वग्रहाचाच प्रकार होय.

२. हजेरीत ज्याचे जे नाव असेल त्याच नावाने त्यास हाक मारावी. जातीवरून, धर्मावरून वा बोलीवरून पडलेले टोपणनाव वर्गात चालू देऊ नये.

३. गावात गुरुजींच्या वा बाईंच्या शब्दास अजून वजन आहे. त्यांनी न तपासता पुढे पाठविलेला संदेश ‘शाळेतून आला’ म्हणून खरा मानला जातो. त्यामुळे वरील चार प्रश्न शिक्षकांनी प्रथम स्वतःच्या भ्रमणध्वनीस विचारावेत.

प्रतिज्ञा रोज परिपाठात म्हटली जाते. बाजाराच्या दिवशी झोळी घेऊन आलेल्या माणसाकडे मूल कोणत्या नजरेने पाहते, यावरून ती त्याला किती उमगली हे कळते.

स्वाध्याय

आपल्या गावी वर्षातून कोण कोण बाहेरून येतात, कोणत्या महिन्यात येतात व कोणते काम करतात, याची यादी मुलांनी घरी विचारून करावी. यादीतील एकाशी वडीलधाऱ्यांसमवेत बोलून, त्याचे गाव व त्याच्या मुलांची शाळा यांविषयी पाच वाक्ये लिहून आणावीत.